सिनेगॉगमधला जॅझ आणि घरी न पोचलेला सूर

मंद्रसप्तक

शनिवारी रात्री एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मैफल ऐकून आले. ज्यू प्रार्थनांच्या चाली आणि जॅझ, असं पत्रकावर होतं. 'मिलाफ', 'संगम' असले शब्द पत्रकावर दिसले की मी सहसा वाट बदलते. बहुतेक वेळा दोन चांगल्या गोष्टी एकमेकींत पाणी ओतत बसतात. मैत्रिणीकडे एक तिकीट जास्तीचं होतं म्हणून गेले. आज तीन दिवस झाले, एक सूर डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा. संगीतातल्या जाणकारांनी मदत करा.

मैफल बरीच उशिरा सुरू झाली. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. तोवर पारंपरिक सिनेगॉगमध्ये वाद्याला हात लावत नाहीत. त्यामुळे आधी हावदाला झाला, म्हणजे शब्बाथला निरोप. वेणीसारखी पिळलेली, अनेक वातींची मेणबत्ती, काठोकाठ भरलेला वाइनचा पेला, आणि मसाल्याची एक छोटी डबी. ती हातोहात फिरते, प्रत्येकजण वास घेऊन पुढे देतो. माझ्याकडे आली तेव्हा लवंग तेवढी ओळखू आली. शेवटी मेणबत्ती वाइनमध्ये बुडवून विझवली. चर्रर्र! तो आवाज विरायच्या आत ड्रमवाल्याने तारेचा ब्रश झांजेवरून फिरवून हुबेहूब तोच आवाज काढला. मैफल तिथूनच सुरू झाली. मी टाळी वाजवली. एकटीनेच.

क्लॅरिनेट, पियानो, डबल बास, ड्रम आणि हझान, एवढेच पाच जण. हझान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाऊन चालवणारा. साधारण साठीचे गृहस्थ, आवाज थोडा खरखरीत, पण वरच्या पट्टीत एकदम स्वच्छ.

आधी एक निगुन झाला. हे हसिदी या ज्यू पंथाचं शब्दांविना गाणं. 'याय बाय बाम, बिम बाम' एवढ्यावरच चालतं. एकच चाल पुन्हा पुन्हा, दर फेरीला थोडी तापत जाणारी. चौथ्या फेरीला डबल बासने चालायला सुरुवात केली (जॅझमधला तो एकेक पाऊल टाकत जाणारा बास), तेव्हा मागच्या बाकावरच्या आजी मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. इथवर मला काहीच अडचण नव्हती.

मग एक संथ प्रार्थना आली. हझान गात होते, बास एकाच सुरावर गजाने घुमत होता, अगदी तंबोऱ्यासारखा. कोमल रिषभ, शुद्ध गंधार. माझ्या कानाला थेट भैरवाची सावली. ते षड्जावर येऊन थांबले. आणि नेमक्या त्याच क्षणी पियानोवाल्याने खालची जमीन सरकवली. हझान आपल्या षड्जावर उभे, पियानो दुसरीकडेच जाऊन बसला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही वाट बघत राहिले. माझी मैत्रीण म्हणाली, 'किती सुंदर संपलं.' मला विचाराल तर संपलंच नव्हतं.

दोन प्रश्न. एक, तिथे नेमकं काय झालं? दोन, पत्रकावर प्रार्थनेचे शब्द छापले होते. त्यात 'एलोहेनू' होतं आणि हझान प्रत्येक वेळी 'एलोकेनू' म्हणत होते. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक. पण मी चार वेळा मोजलं.

तिरकीटधा

ताई, झक्कास लिहिलंय. ते मेणबत्ती-ब्रश प्रकरण वाचून अंगावर काटा आला. एकट्याने वाजवलेल्या टाळीबद्दल सहानुभूती. मी एकदा आलाप संपला असं समजून वाजवली होती. गवयाने नुसतं बघितलं.

ब्रशबद्दल थोडं. जॅझचा ड्रमर संथ गाण्यात डाव्या हाताचा ब्रश स्नेअर ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत ठेवतो, उजव्याने ठेका देतो. आघात कमी, घासणं जास्त. दगडी भिंती आणि उंच छताच्या सभागृहात काठ्यांनी वाजवलं तर प्रत्येक आघात दोनदा ऐकू येतो आणि गाणाऱ्याचे शब्द चिरडले जातात. ब्रश घेणारा माणूस जागा ओळखणारा असतो. त्याला माझा नमस्कार सांगा.

प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शोफार_ड्रायव्हर_नाही

(नावाबद्दल दर वेळी विचारतात म्हणून: शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य. नववर्षाला फुंकतात. गाडीशी संबंध नाही.)

मी ज्यू आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीच देते. तुमचे कान तिखट आहेत. देवाचं नाव उगाच उच्चारायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. प्रार्थना करताना 'एलोहेनू' म्हणजे 'आमचा देव' म्हणायलाच हवं, पण तालमीत, ध्वनिमुद्रणात, मैफलीत, म्हणजे जिथे ती प्रार्थना नाही, तिथे नियम पाळणारे गायक 'ह'चा 'क' करतात. एलोकेनू. आणि 'अदोनाय'च्या जागी 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाव'. माझे वडील घरात चाल गुणगुणतानाही हे करायचे. लहानपणी मला वाटायचं हे दोन वेगळे देव आहेत, एक सिनेगॉगमधला आणि एक घरातला.

म्हणजे तुमच्या हझानांनी दर ओळीला, एका अक्षरात, 'ही प्रार्थना नव्हे' असं सांगून ठेवलं होतं. ते फक्त ऐकणाऱ्याला कळतं. छापील कागदाला नाही.

शंकेखोर

मग माझी शंका इथेच. ती प्रार्थना नव्हती, तर प्रार्थनेच्या जागी का? सभागृहं ओस पडली होती का? कुठल्याही धर्माच्या उपासनेच्या चाली घ्यायच्या, त्यावर सिगारेटच्या धुरातलं संगीत चढवायचं, तिकीट लावायचं आणि याला 'संवाद' म्हणायचं. मला हे पटत नाही. मी हे ज्यू लोकांबद्दल म्हणत नाहीये, सगळीकडचंच म्हणतोय.

जुना_खोडकर

शंकेखोर, 'सिगारेटच्या धुरातलं संगीत' हे वाक्य जॅझबद्दल शंभर वर्षांपासून म्हटलं जातंय. एखादं नवं आणा की राव.

गंमत म्हणजे ही नेमकी तुमची शंका घेऊन १९२७ साली एक सिनेमा आला होता, 'द जॅझ सिंगर'. पूर्ण लांबीच्या चित्रपटात पात्रं बोलताना ऐकू आली ती त्यात पहिल्यांदा. गोष्ट काय? हझानाचा मुलगा जॅझ गायला घर सोडतो. त्यात योसेले रोझेनब्लाट हे त्या काळचे सगळ्यांत गाजलेले हझान स्वतःच्याच भूमिकेत दिसतात, पण 'कोल निद्रे' ही पवित्र प्रार्थना गायला त्यांनी नकार दिला होता. दुसरं काहीतरी गायले. त्याआधी १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेराने त्यांना एका प्रयोगाचे १००० डॉलर देऊ केले होते, तेही नाकारले. म्हणजे रेषा कुठे आखायची हा प्रश्न गाणाऱ्यांनी स्वतःच केव्हाच घेतलाय. फक्त प्रत्येकाची रेषा वेगळ्या ठिकाणी. रोझेनब्लाट पडद्यावर आले, पण ती एक प्रार्थना घेऊन नाही आले. तुमचे हझान मंचावर आले, पण 'ह' घेऊन नाही आले. मला तर हे दोघे एकाच घराण्याचे वाटतात.

शोफार_ड्रायव्हर_नाही

खोडकर, शेवटचं वाक्य चोरतेय.

शंकेखोर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि आमच्यातही भांडणं त्यावरूनच होतात. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं. तिथे लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे लोक, झांजा, तंतुवाद्यं वाजवत. मंदिर गेलं, तशी उपासनेतली वाद्यंही गेली. दुःखाची खूण म्हणून. शब्बाथला वाजवायचं नाही याचं आणखी एक कारण तालमुद या आमच्या धर्मनियमांच्या ग्रंथात आहे, आणि ते मला फार आवडतं: वाद्य बिघडलं तर माणसाला ते दुरुस्त करायचा मोह होईल, आणि दुरुस्ती म्हणजे काम. ज्याने हा नियम लिहिला त्याने नक्की एखादा वादक जवळून पाहिला असणार.

मग १८१० मध्ये जर्मनीत झेझेन इथे सुधारकांनी सिनेगॉगमध्ये ऑर्गन आणला आणि तेव्हापासून वाद सुरू. बुडापेस्टच्या डोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगचं उद्घाटन १८५९ मध्ये झालं तेच मुळी ऑर्गनसकट. तो ऑर्गन लिस्ट आणि सां-सांस या बड्या संगीतकारांनीही वाजवलाय. आजही ज्या सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी वाद्य चालतं आणि ज्यात चालत नाही, ती दोन वेगळी जगं आहेत. तुम्ही ज्यात गेलात ते तीन तारे बघून सुरू झालं, यावरून कुठलं ते कळतंच.

काळीचार

आता पहिला प्रश्न. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा. मी पियानो शिकवतो, थोडी पेटीही वाजवतो.

ताईंनी भैरवाची सावली म्हटलं ते बरोबर, पण पूर्ण भैरव नाही. ज्यू उपासनेत प्रार्थनेच्या वेळेनुसार आणि प्रसंगानुसार ठरलेल्या सुरावटी असतात, त्या पद्धतीला नुसाख म्हणतात. पूर्व युरोपातल्या परंपरेत एक महत्त्वाची सुरावट 'आहवा राब्बा'. सकाळच्या एका प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून हे नाव. क्लेझ्मर, म्हणजे तिथल्या ज्यूंचं लग्नकार्यातलं संगीत, वाजवणारे तिलाच फ्रेगिश म्हणतात. सूर असे: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी.

पूर्वांग भैरवाचा, उत्तरांग भैरवीचा. आपल्याकडे यालाच बसंत मुखारी म्हणतात! 'हावा नगीला' सगळ्यांनी ऐकलंय ना? त्याची पहिली ओळ गुणगुणून बघा. हेच सूर.

आता खरी मेख. याच सात सुरांना जॅझवालाही ओळखतो, पण वेगळ्या नात्याने. समजा हझानांचा सा पाश्चात्य 'डी' या सुरावर होता. डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी. जॅझ शिकलेल्या माणसाला हे सूर दिसले की त्याची बोटं आपोआप 'डी सेव्हन फ्लॅट नाइन' ही कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) धरतात. आणि ही कॉर्ड म्हणजे प्रश्न. तिचं उत्तर 'जी मायनर'. त्याच्या लेखी डी हा मुक्काम नाहीच, डी म्हणजे जिना. वर जायचंय जी ला.

आपल्या भाषेत: किरवाणीचा पंचम सा मानून तेच सूर वाजवले की बसंत मुखारी होतो. मूर्च्छना. जॅझवाला ते सूर किरवाणी म्हणून ऐकतो, त्यामुळे हझानाचा सा त्याला पंचम वाटतो. हझानाला तो सा म्हणजे घर. जुन्या पद्धतीने साथ करणारे शेवटाला 'सी मायनर'वरून 'डी मेजर'वर येतात आणि थांबतात. खालच्या पायरीवरून दारात. जी मायनरकडे ढुंकून बघत नाहीत.

तुमच्या पियानोवाल्याने शेवटी काय केलं असेल, तर हझान घरात शिरल्याबरोबर त्याने घरच पुढच्या स्टॉपवर नेऊन ठेवलं. चुकून की मुद्दाम, ते मी तिथे नसल्याने सांगू शकत नाही.

तिरकीटधा

'घरच पुढच्या स्टॉपवर नेऊन ठेवलं.' दंडवत.

मंद्रसप्तक

काळीचार, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी तीन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. म्हणजे मैत्रीण आणि मी एकच सूर ऐकत होतो, पण ती पियानोच्या घरात बसली होती आणि मी हझानांच्या. मुद्दाम की चुकून, त्याबद्दल: तोच प्रकार नंतर आणखी एकदा झाला. दुसऱ्या वेळी हझान त्याच्याकडे वळून बघून हसले. चुकीवर माणूस तसा हसत नाही.

वाचनवेडी

संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक भाबडा प्रश्न. जॅझ तर आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा. ज्यू चालींशी त्याची गाठ पडली कुठे? की हे अलीकडचं खूळ?

जुना_खोडकर

अलीकडचं अजिबात नाही. एका मुलापासून सांगतो. न्यू ऑर्लिन्समध्ये कार्नोफ्स्की नावाचं लिथुआनियातून आलेलं ज्यू कुटुंब भंगार आणि कोळशाची गाडी फिरवायचं. गाडीवर एक लहान काळा मुलगा पत्र्याचा भोंगा फुंकत गिऱ्हाइकं गोळा करायचा. त्याला एका गहाणवटीच्या दुकानात ५ डॉलरचं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) दिसलं, आणि कार्नोफ्स्कींनी त्यासाठी उचल दिली. तो मुलगा म्हणजे पुढे जॅझचा बादशहा झालेला लुई आर्मस्ट्राँग. म्हातारपणी, १९६९ मध्ये, रुग्णालयात असताना त्याने या कुटुंबाबद्दल सविस्तर लिहून ठेवलं. त्यांच्या घरी बाळाला झोपवताना म्हटलेलं गाणं आपणही म्हणायचो, हे त्यात आहे. गळ्यात डेव्हिडचा तारा, ज्यूंची खूण, असायचा त्याच्या.

आता उलट दिशा. १९३२ मध्ये शोलोम सेकुंडा यांनी एका यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटकासाठी 'बाय मिर बिस्टू शेन' ही चाल बांधली. पुढे तिचे हक्क ३० डॉलरला विकून टाकले. (हा आकडा वाचून प्रत्येक संगीतकाराच्या पोटात गोळा येतो.) १९३७ च्या शेवटी अँड्र्यूज सिस्टर्सनी ते इंग्रजीत गायलं आणि ते अमेरिकाभर वाजलं. १६ जानेवारी १९३८ ला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफल केली, त्यात हे गाणं होतं, आणि मधेच झिगी एल्मनचा ट्रम्पेट सरळ क्लेझ्मरमध्ये शिरतो. स्विंगचा ठेका बाजूला, लग्नातला नाच सुरू. श्रोते तिथे चेकाळलेले मुद्रणात ऐकू येतात.

शंकेखोर

हे सगळं नाचगाण्याचं झालं. उपासनेचं बोला.

जुना_खोडकर

बोलतो. जर्मन संगीतकार कुर्ट वाइल माहीत असेल. त्याचे वडील देसाऊमध्ये हझान होते. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू सिनेगॉगसाठी त्याने 'किद्दुश' लिहिला, म्हणजे वाइनवर म्हणायचा आशीर्वाद, आणि तो वडिलांना अर्पण केला. ऐका. ब्लूजचे सूर स्पष्ट आहेत, आणि हे मैफलीत नाही, प्रार्थनेसाठी लिहिलेलं.

आणि १९६८ मध्ये जोनाथन क्लाइन नावाच्या पोरसवदा संगीतकाराने शब्बाथच्या पूर्ण प्रार्थनेला जॅझमध्ये बांधलं. त्या ध्वनिमुद्रणात पियानोवर कोण? हर्बी हॅनकॉक. बासवर रॉन कार्टर. त्या काळी हे दोघे नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या चमूत होते. तेव्हा शंकेखोर, धूर असलाच तर मेणबत्तीचाही होता.

शंकेखोर

मुद्दा मान्य. पूर्ण नाही, निम्मा. हॅनकॉक उत्तम वाजवतो म्हणून ती प्रार्थना होते असं नाही, आणि ज्याला ती म्हणायचीय त्याला म्हणता आली पाहिजे. निगुनमध्ये आजी ताल धरत होत्या ते मला पटतं. साडेपाच मिनिटांच्या पियानो सोलोत आजींनी काय करायचं?

शोफार_ड्रायव्हर_नाही

हा या धाग्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न आहे, आणि मी तुमच्या बाजूने आहे. आमच्याकडे तंटा होतो तोही हझानांवरूनच. जुन्या काळी मोठे हझान एका शब्दावर इतका वेळ घोळत की लोक वैतागत. म्हणजे जॅझ येण्याआधीच सोलो होता आणि सोलोला वैतागणारे लोकही होते.

पण नुसाखबद्दल एक गोष्ट. ती चाल नव्हे. बाहेरच्या लोकांना वाटतं प्रार्थनेची एक ठरलेली चाल असते आणि जॅझवाले ती मोडतात. काही चाली तशा आहेतच, उदाहरणार्थ 'कोल निद्रे', तिला कोणी फारसा हात लावत नाही. पण रोजच्या प्रार्थनेत हझानाला मिळतात ते फक्त सूर, काही ठरलेली वळणं, कुठे थांबायचं त्या जागा. मधलं सगळं त्याने त्या क्षणी बांधायचं, शब्दांच्या लांबीप्रमाणे. माझे वडील एकाच प्रार्थनेला दोन शनिवारी सारखे कधीच गायले नाहीत. त्यांना कोणी इम्प्रोव्हायझेशन म्हटलं असतं तर रागावले असते.

काळीचार

म्हणजे आपला राग आणि बंदिश यांतला फरक. हे कळलं की मैफल का जमली ते कळतं. दोन्ही बाजूंचे लोक बंदिशीवाले नाहीत, विस्तारवाले आहेत.

आणखी एक जवळून दाखवतो. क्लॅरिनेटवाल्याने सूर तोडताना हुंदका दिल्यासारखं केलं का? सूर मधेच घशात अडकून वर उडतो आणि विझतो. त्याला यिद्दिशमध्ये क्रेख्त्स म्हणतात, म्हणजे कण्हणं. हझानाच्या गळ्यातून ते व्हायोलिन-क्लॅरिनेटमध्ये आलं. आपल्या खटक्याच्या जवळचं, पण खटका सुराला टोक देतो आणि क्रेख्त्स सूर सोडून देतो. ब्लूजवालाही सूर वाकवतो, पण तो खालून ओढत आणतो. एकाच माणसाने दोन्ही लागोपाठ केले तर फरक कानाला लगेच कळतो.

काही लोक गर्शविनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'च्या सुरुवातीची क्लॅरिनेटची ती वर घसरत जाणारी किंकाळी थेट क्लेझ्मरच्या खात्यात टाकतात. मी सावध राहीन. १९२४ च्या त्या मैफलीच्या तालमीत रॉस गोर्मन या वादकाने गंमत म्हणून सूर घसरवला आणि गर्शविनने तो ठेवून घेतला, एवढीच हकिगत पक्की.

अरबी_समुद्र

उशिरा आलो. एक तक्रार. तुम्ही सगळे 'ज्यू सुरावट' म्हणताय तेव्हा फक्त पूर्व युरोप धरताय. येमेनचे, इराकचे, मोरोक्कोचे ज्यू काय करतात? सीरियातल्या हलबच्या (अलेप्पोच्या) परंपरेत तर प्रत्येक शब्बाथला मकाम, म्हणजे अरबी संगीतातला राग म्हणा, ठरलेला. त्या आठवड्यात तोराह या धर्मग्रंथाचा जो भाग वाचायचा, त्याच्या आशयावरून मकाम निवडतात. हझानाने तो चुकवला तर म्हातारे मान हलवतात. आणि आहवा राब्बाचे सूर म्हणजे मकाम हिजाझचे सख्खे भाऊ. तिथेही तो पहिला सूर घरच आहे, जिना नाही. पियानो मधे आला नसता तर हा वादच झाला नसता.

काळीचार

अरबी_समुद्र, कान पकडतो. तक्रार शंभर टक्के मान्य. आणि 'पियानो मधे आला नसता तर' हेही. डबल बास एकटा होता तोवर ताईंना काही अडचण नव्हती, बघा.

सॅक्सोफोनवादक जॉन झोर्नने १९९० च्या दशकात 'मसादा' नावाचा चमू केला तेव्हा त्यात पियानो नव्हताच. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास, ड्रम. ज्यू सुरावटींवर त्याने शेकडो छोट्या रचना लिहिल्या. कॉर्ड देणारं वाद्यच नाही, त्यामुळे घर हलवणारं कोणी नाही. फार सुंदर काम आहे, पण कधीकधी कानठळ्या बसतात, हेही सांगून ठेवतो.

वाचनवेडी

मला एक(च) शिफारस करा. कानठळ्या नकोत.

जुना_खोडकर

टेरी गिब्ज, १९६३. व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) ज्यू चाली, जॅझमध्ये. अर्धा चमू क्लेझ्मरचा, अर्धा जॅझचा. ऐकताना पियानोकडे लक्ष द्या. अॅलिस मक्लाउड नावाची तरुण मुलगी वाजवतेय. पुढे तिने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनशी लग्न केलं, आणि नंतर आश्रम काढून संस्कृत भजनं रचली आणि गायली. त्या एका बाईच्या हाताखालून डेट्रॉइटचं चर्च, ज्यू लग्नातला नाच आणि आपली भजनं, सगळं गेलं. यावर वेगळा धागा काढायला हवा कोणीतरी. (मी नाही.)

मंद्रसप्तक

काल रात्री एक प्रयोग केला, तो सांगते.

फोनवर तंबोरा लावला, सा-प. हझानांची ती शेवटची ओळ जमेल तशी गायले: ग म ग रे सा, रे आणि त्यावरचा तो लांब श्वास, मग सा. चार-पाच वेळा गायले. मग ओळ तीच, पट्टी तीच, पण तंबोरा मध्यमावर नेला, म्हणजे काळीचार म्हणतात तसा पियानोवाल्याच्या घरात. गायले. सा वर थांबले.

आई आतल्या खोलीतून म्हणाली, 'अगं, अर्धवट काय सोडतेस, पुरं कर ना ते.'

तंबोरा परत मूळ जागी आणला. तीच ओळ, एक सूरही न बदलता पुन्हा गायले. आतून काहीच आवाज आला नाही.

तिरकीटधा

टाळी. या वेळी दोघं.

शोफार_ड्रायव्हर_नाही

तीन. आणि मंद्रसप्तक, गाताना 'ह' म्हणालात की 'क'?

मंद्रसप्तक

शब्द नव्हतेच. याय बाय बाम.